मागणी तसा साठा

जैन कर्मशास्त्रात हाडांच्या बांधणीला स्वतंत्र स्थान आहे. नामकर्माच्या भेदांत ‘संहनन’ हा एक भेद येतो आणि त्याचे सहा प्रकार सांगितले जातात: वज्रऋषभनाराच, ऋषभनाराच, नाराच, अर्धनाराच, कीलिका आणि सेवार्त. पहिल्या प्रकारात हाडांचे सांधे दोन्ही बाजूंनी एकमेकांत घट्ट अडकलेले, वरून पट्ट्याने वेढलेले आणि त्यांतून वज्राची खीळ आरपार गेलेली, असे वर्णन श्वेतांबर परंपरेत आढळते. शेवटच्या प्रकारात हाडे एकमेकांना केवळ टेकलेली असतात. दिगंबर ग्रंथांत काही नावे वेगळी आहेत. परंतु सांप्रतच्या काळी उत्तम संहनन माणसाच्या वाट्याला उरलेले नाही, हे दोन्ही परंपरांना मान्य आहे. पाठशाळेत ही सहा नावे पाठ केलेली मुले पुढे मोठी होतात, पेढीवर बसतात, नातवंडांची लग्ने पाहतात. सत्तरीच्या पुढे एखाद्या पहाटे न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि लहानपणी पाठ केलेल्या यादीतील शेवटच्या नावाचा अर्थ तेव्हा खुब्यात उमगतो.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर हा प्रसंग फार दूरचा नाही. खारेपाटणसारख्या जुन्या बंदराच्या गावी जैन मंदिर आहे आणि मालवण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडीच्या पेठांतून जैन व्यापारी घरे आहेत. अशा घराचा दिनक्रम ठरलेला असतो. सकाळी दर्शन, मग दुकान, दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती, पुन्हा दुकान, सूर्यास्तापूर्वी जेवण, संध्याकाळी प्रतिक्रमण. शेठ गादीवर किंवा गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसलेला असतो. माल काढून देण्याचे, पोती हलवण्याचे काम नोकरमाणसे करतात. घरातल्या आजीचे फिरणे स्वयंपाकघर, देवघर आणि पडवी यांच्यापुरते उरलेले असते. पूर्वी पाणी विहिरीवरून येई, पाटा-वरवंटा चाले, माडीवर दिवसातून दहा वेळा चढउतार होई. आता नळ आहे, मिक्सर आहे आणि आजीला माडीवर जाऊ न देणे हे सुनेच्या मायेचे लक्षण मानले जाते. ही माया खोटी नसते. तिची किंमत मात्र हाडाला मोजावी लागते. ती कशी, हे समजण्यासाठी हाडाच्या आत डोकावावे लागते.

मांडीचे हाड हे शरीरातील सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड. त्याच्या वरच्या टोकाला मात्र एक नाजूक जागा आहे. कटीच्या खोबणीत फिरणारा गोळा आणि खालचा सरळ दांडा यांना जोडणारी आखूड, तिरकी मान म्हणजे ती जागा. भिंतीतून तिरक्या निघालेल्या खुंटीवर ओझे टांगावे, तसा धडाचा भार या मानेवर बाजूने येतो. मान चिरून पाहिली तर बाहेर दाट हाडाचे कवच आणि आत बारीक पट्ट्यांची जाळी दिसते. १८६६ साली झ्यूरिक येथे शरीररचनाशास्त्रज्ञ हर्मान फॉन मायर यांनी केलेले असे छेद कार्ल कुलमान या अभियंत्याच्या पाहण्यात आले. पूल आणि यांत्रिक याऱ्या यांच्या भाररेषा काढण्याचा अभ्यास असलेल्या कुलमान यांना हाडातील त्या जाळीत वाकड्या मानेच्या यारीतील भाररेषांसारखीच मांडणी दिसली. पुढे १८९२ साली बर्लिनचे शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी नियम मांडला, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची रचना घडते आणि भार बदलला की रचनाही बदलते.

पेढीवर बसणाऱ्याला हा नियम वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ज्या मालाला गिऱ्हाईक आहे तो दुकानात भरला जातो. ज्याला उठाव नाही तो हळूहळू फळीवरून उतरतो. हाडाचा कारभारही याच रीतीने चालतो. जुने हाड पोखरून नेणाऱ्या पेशी आणि नवे हाड भरणाऱ्या पेशी जन्मभर काम करत असतात. कोठे किती भरायचे याचा अंदाज त्या पडणाऱ्या भारावरून घेतात. साधारण तिशीपर्यंत साठा वाढतो, काही वर्षे स्थिर राहतो आणि मग घट लागते. अंतराळात वजनच जाणवत नसल्याने अंतराळवीरांच्या खुब्यातील हाड महिन्याला सुमारे एक टक्का कमी होते, इतकी ही मागणी-पुरवठ्याची व्यवस्था काटेकोर आहे. गादीवर बसून काढलेली चाळीस वर्षे हा अंतराळप्रवास नव्हे, पण दिशा तीच.

यातली खरी मेख मानेच्या वरच्या कडेत आहे. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केंब्रिजच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अकस्मात मृत्यू आलेल्या वेगवेगळ्या वयांच्या स्त्री-पुरुषांच्या मांडीच्या हाडांची मान त्यांनी बारकाईने तपासली. खालच्या कडेचे कवच वय वाढले तरी बरेचसे टिकलेले होते, कारण उभे राहताना आणि चालताना दाब तेथेच येतो. वरच्या कडेचे कवच मात्र वयाबरोबर कागदासारखे पातळ होत गेलेले आढळले. चालण्याच्या कामात त्या कडेला फारसा वाटा नसतो. म्हणून शरीर तिथला साठा कमी करत जाते. माणूस जेव्हा कुशीवर पडतो आणि खुब्याचा उंचवटा जमिनीवर आदळतो, तेव्हा हिशेब उलटा होतो. सारा दाब क्षणात वरच्या कडेवर येतो. ज्या फळीवर माल ठेवलाच नव्हता, तिथेच मोठे गिऱ्हाईक येऊन उभे राहावे, तसे हे होते. खुब्याची बहुतेक मोडतोड पडण्यामुळे होते आणि त्यातही कुशीवर पडण्याचा धोका सर्वांत मोठा असतो, याचे कारण या रचनेत आहे.

स्त्रिया आणि पुरुष यांच्या हाडांची झीज सारखी नसते. रजोनिवृत्तीनंतर पहिली काही वर्षे स्त्रीच्या हाडातील घट वेगाने होते. जाळीतील पट्ट्या नुसत्या बारीक होत नाहीत, त्या मधूनच तुटतात आणि जाळीचे दुवे सुटतात. एकदा सुटलेला दुवा पुन्हा जोडणे अवघड असते. पुरुषांत पट्ट्या बहुधा बारीक होत जातात, पण एकमेकींना धरून राहतात. शिवाय पुरुषाचे हाड मुळात जाड आणि रुंद असते. म्हणून स्त्रियांचे खुबे अधिक संख्येने आणि लवकर मोडतात. यावरून घरातल्या पुरुषांनी निश्चिंत राहावे, असे मात्र नाही. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत पन्नाशीपुढील दर लाख स्त्रियांमागे वर्षाला सुमारे १५९ आणि पुरुषांमागे सुमारे १०५ खुबे मोडल्याचे दिसले. दोन आकड्यांतले अंतर अनेकांच्या समजुतीपेक्षा कमी आहे. त्याहून गंभीर गोष्ट ही, की खुबा मोडल्यानंतरच्या वर्षात दगावणाऱ्यांचे प्रमाण पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक आढळते. हाडांचा आजार बायकांचा, असे मानून पुरुषाची तपासणी कोणी करत नाही आणि तो स्वतः तर कधीच करत नाही.

व्यापारी घरातील पुरुषाच्या वाट्याला आणखी काही कारणे येतात. मधुमेह हे त्यांतले मोठे कारण. मधुमेही माणसाच्या हाडाची घनता यंत्रावर चांगली दिसू शकते. तरीही ते हाड अपेक्षेहून लवकर मोडते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या हाड पोखरतात. हाताने दिलेल्या बिननावाच्या पुड्यांतही कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. तंबाखूमुळे हाड झिजते. रात्री झोपेची गोळी, रक्तदाबाच्या औषधाने उठताना येणारी चक्कर, मोतीबिंदूने धूसर झालेली नजर ही कारणे हाडाला धक्का लावत नाहीत, पण माणसाला पाडतात. पायांची बधिरताही पाडते. ती मधुमेहाने येते, तशीच बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावानेही येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालय संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने भारतीयांतील या अभावाचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. शुद्ध शाकाहारी घरांत तो अधिक असतो. तळव्यांना जमीन नीट कळत नाही, तेव्हा अंधारात पाऊल चुकते.

मालवणच्या बाजूला पाऊल चुकायला जागाही पुष्कळ आहेत. पावसाळ्यात या किनाऱ्यावर सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जून उजाडला की जांभ्याच्या पायऱ्यांवर, विहिरीच्या कठड्याशी, खळ्यातून न्हाणीकडे जाणाऱ्या वाटेवर शेवाळ धरते आणि ते दिवाळीपर्यंत पुरते सुकत नाही. जुन्या घरांचे उंबरे उंच, माडीचे जिने उभे, पायऱ्या अरुंद. नव्या घरांत चकाकणारी टाइल्सची फरशी. ती ओली झाली की शेवाळापेक्षा वेगळी राहत नाही. वादळवाऱ्यात वीज जाते ती रात्री-अपरात्रीच. पहाटे उठून स्नान, मग ओल्या पायांनी आणि लांब पदराच्या साडीने देवदर्शनाला निघणे, हा घरातल्या आजीचा नित्याचा क्रम. धर्माचे सर्वांत मोठे दिवस, चातुर्मास आणि पर्युषण, याच ओल्या महिन्यांत येतात. पर्युषणात उपाश्रयात गर्दी असते. विजेचा दिवा न लावता प्रतिक्रमण होते. कटासण्यावरून उठताना पाय आखडलेले असतात. दाराशी चपलांचा ढीग असतो. तीन तास बसलेली वृद्धा त्या काळोखात एकदम उठते, तेव्हा तिचा हात धरायला कोणीतरी शेजारी असावे लागते.

यावर परंपरेत उपाय नाही, असे म्हणता येत नाही. पाच समितींपैकी पहिली ईर्यासमिती. पुढची जमीन नजरेने तपासत, घाई न करता, मन चालण्यातच ठेवून पाऊल टाकावे, हा तिचा आशय. ती सांगितली आहे जीवहिंसा टळावी म्हणून. मुंगी वाचावी म्हणून जपून टाकलेले पाऊल खुबाही वाचवते. चालताना बोलू नये, दुसरीकडे पाहू नये, हा साधूंचा नियम सत्तरीपुढच्या गृहस्थाने फोन कानाला लावून पायऱ्या उतरताना आठवावा. वृद्धांसाठी जयणा म्हणजे जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, न्हाणीघरात आणि शौचालयाशी धरायला दांडा, रात्री वाटेवर मंद दिवा, घसरत नाही अशी चटई, आणि पावसाआधी व पावसात पायऱ्यांवरचे शेवाळ साफ ठेवण्याची शिस्त. शेवाळ स्वतः अनंतकाय मानले जाते, त्यामुळे ते धरल्यावर खरवडण्याचा प्रश्न अनेक घरांत अवघड होतो. पायऱ्या कोरड्या राहतील अशी पन्हळ आधीच बांधली, तर शेवाळ धरतच नाही आणि दोन्ही बाजूंची हिंसा टळते.

आहाराचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, कारण तो तपाशी जोडलेला आहे. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. शाकाहारी घरात त्याचा मोठा भाग दूध, दही, ताक यांतून येतो. आयंबिलात दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर या विगया वर्ज्य असतात. चातुर्मासात आणि पर्वतिथींना अनेक घरांत हिरव्या भाज्याही बंद असतात. ओळीची नऊ आयंबिले हाडाचे काही बिघडवत नाहीत. वर्षानुवर्षे एकासणे, आयंबिल आणि उपवास यांची साखळी चालू असेल, वजन उतरत असेल आणि पारण्याच्या दिवशीही चहा-खाखऱ्यावर भागत असेल, तर मात्र घट हाडातून भरून काढली जाते. रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर ढळू देत नाही. बाहेरून आले नाही तर ते हाडाच्या कोठारातून उचलते. तेथे उधारी चालते, पण वसुली कठीण असते. वजन कमी असणे, हेही खुबा मोडण्याचे एक कारण आहे. आमटी-उसळीतून येणारी प्रथिने कमी पडली तर स्नायू उतरतात आणि तोल जाताना सावरण्याची ताकद त्यांच्याबरोबर जाते.

कोकणाच्या मातीत यावरचा एक जुना उपाय उगवतो. नाचणीच्या १०० ग्रॅम दाण्यात सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गहू-तांदळाच्या तुलनेत ते कितीतरी पटींनी अधिक आहे. कुळीथही याच मुलखाचा. नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी हे कष्टकऱ्यांचे जेवण म्हणून पेठेतल्या घरांनी मागे ठेवले. आयंबिलात धान्य आणि कडधान्य चालतात. तेथे मैद्याच्या किंवा तांदळाच्या पदार्थांऐवजी नाचणीची भाकरी आणि कुळथाचे कळण यांना जागा दिली, तर तपाचे रूप बदलत नाही आणि हाडाची पुंजीही राखली जाते. तत्त्वार्थसूत्रात तीर्थंकर-नामकर्माची कारणे सांगताना त्याग आणि तप या दोहोंना शक्तीनुसार अशी मर्यादा जोडलेली आहे. अशक्त झालेल्या वृद्धेला ही मर्यादा समजावून सांगण्याचा अधिकार सुनेपेक्षा गुरुमहाराजांना आणि साध्वीजींना अधिक आहे. त्यांचा एक शब्द डॉक्टरांच्या दहा चिठ्ठ्यांहून जास्त काम करतो.

कॅल्शियम आतड्यातून रक्तात येण्यासाठी ड जीवनसत्त्व हवे आणि ते त्वचेत सूर्यप्रकाशाने तयार होते. समुद्रकिनारी राहणाऱ्याला उन्हाची काय कमतरता, असे वाटते. पण दुकानातल्या सावलीत दिवस गेला, अंग पूर्ण झाकलेले असले आणि चार महिने आभाळ ढगांनी भरलेले राहिले, तर ऊन त्वचेपर्यंत पोचत नाही. अगदी कोवळ्या उन्हात त्यासाठी लागणारे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, त्या वेळचे काही मिनिटांचे ऊन हातापायांवर घ्यावे लागते. वनस्पतिजन्य आहारात हे जीवनसत्त्व जवळजवळ नसते. रक्ततपासणीत ते कमी निघाले तर डॉक्टर औषध देतात आणि येथे जैन घरात रास्त शंका येते. बाजारातील ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून बनते आणि मऊ कॅप्सूलचे वेष्टन अनेकदा प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. ही शंका मनात ठेवून औषध गुपचूप कपाटात ठेवून देणारे वृद्ध पुष्कळ असतात. दगडफुलापासून बनवलेले ड-३, तसेच ड-२ आणि वनस्पतिजन्य वेष्टनाच्या कॅप्सूल मिळतात. डॉक्टरांना आणि केमिस्टला स्पष्ट विचारले तर पर्याय सापडतो.

हाड किती उरले आहे हे मोजण्याची साधने आज सुलभ झाली आहेत. यंत्रे नव्हती तेव्हा १९७० साली सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय डॉक्टरांनी खुब्याच्या साध्या क्ष-किरण चित्रावरून जाळीतील पट्ट्या कोणत्या क्रमाने नाहीशा होतात हे पाहून सहा पायऱ्या ठरवल्या. सहावी पायरी भरल्या हाडाची, पहिली जवळजवळ रित्या हाडाची. संहननाचे प्रकारही सहाच, हा योगायोग. आता डेक्सा नावाच्या तपासणीत घनता आकड्यात मिळते. तरुण वयाच्या सरासरीच्या तुलनेत हा आकडा उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर अस्थिविरलता मानावी, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली दिला. पासष्टीपुढील स्त्रीने आणि सत्तरीपुढील पुरुषाने ही तपासणी करून घ्यावी. ज्यांना आधीच एखादे हाड साध्या पडण्याने मोडले आहे, ज्यांची उंची कमी झाली आहे किंवा पाठीला बाक येऊ लागला आहे, त्यांनी वयाची वाट पाहू नये.

औषधांनी झीज रोखता येते. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी लागते आणि पुढचा अर्धा तास काही न खाता, आडवे न होता बसावे किंवा उभे राहावे लागते. नवकारशी पाळणाऱ्याला हे सहज जमते: सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी पच्चक्खाण पारून उकळलेल्या पाण्याबरोबर गोळी, अर्धा तास जप आणि मग नाश्ता. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे औषधही आहे. कोणाला कोणते चालेल हे मूत्रपिंड, दात आणि इतर आजार पाहून डॉक्टरच ठरवतात.

औषधाने मागणी निर्माण होत नाही. ती हालचालीनेच होते. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीशी उभे राहून टाचा उचलणे, कठडा धरून एका पायावर तोल सांभाळणे, दिवसातून दोनदा जिना चढणे, हे दुकान सांभाळूनही करता येते. कायोत्सर्गात स्थिर उभे राहण्याची आणि खमासमणे देताना पुनःपुन्हा उठण्याची सवय ज्यांनी साठीतही राखली, त्यांच्या मांड्यांत त्या सवयीचे फळ असते. मात्र पाठीचे मणके आधीच दबलेले असतील तर पुढे खोल वाकून वंदन करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेले बरे. अशा वेळी उभ्यानेच हात जोडावे.

इतके सांभाळूनही खुबा मोडतोच कधी तरी. मोडलेल्या बाजूचा पाय बहुधा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या अंगाला वळलेले असते. कधी हाड हाडात रुतून बसते आणि माणूस लंगडत चालतोसुद्धा. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखत राहिले तर चालता येते एवढ्यावरून निर्धास्त राहू नये. पाय ओढणे, तेल चोळणे, हाडवैद्याकडून बसवून घेणे यांत वेळ आणि हाड दोन्ही जातात. मानेत मोडले तर गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुटतात, म्हणून वृद्धांत बहुधा गोळा बदलावा लागतो. मानेच्या खाली मोडले तर आतून धातूची सळी आणि खिळा घालून हाड धरून ठेवतात. कीलिका हे पाचव्या संहननाचे नाव येथे अगदी शब्दशः उतरते. शस्त्रक्रिया शक्य तो एक-दोन दिवसांत व्हावी आणि दुसऱ्या दिवशी रुग्णाला उभे करावे, हा आजचा वैद्यकाचा आग्रह आहे. मालवणहून ओरोसचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते, कधी गोव्यातील बांबोळी किंवा कोल्हापूर. त्या प्रवासाचा निर्णय घेण्यातच अनेक घरांत तीन-चार दिवस निघून जातात.

त्या तीन-चार दिवसांत घरात एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून निघते: “या वयात कशाला कापाकापी? पडून राहिल्या तरी आम्ही करू त्यांचे.” त्यात प्रेम असते, खर्चाची भीती असते आणि मुंबई-पुण्याहून यायच्या मुलाची वाट पाहणे असते. पडून राहणे हीच खरी मोठी जोखीम असते. अंथरुणावर जखमा होतात, छातीत कफ साठून न्यूमोनिया होतो, पायात रक्ताची गुठळी बनते. खुबा मोडल्यावर वर्षभरात पाचांतला एक किंवा त्याहून अधिक वृद्ध दगावतात, असे जगभरचे अनुभव आहेत. जे वाचतात त्यांतलेही अनेक पूर्वीसारखे स्वतःच्या पायांनी हिंडत नाहीत. मांडी घालून सामायिक करणे सुटते, मंदिराची पायरी दुरावते, दुसऱ्याच्या हाताशिवाय शौचाला जाता येत नाही. ज्यांनी आयुष्यभर कोणाचे देणे ठेवले नाही, त्यांना हे देणे सर्वांत जड वाटते. म्हणूनच अनेक वृद्ध पडल्याचे लपवतात. घरचे तप बंद करतील, बाहेर जाऊ देणार नाहीत, ही भीती त्यामागे असते.

शेठांची गोष्ट वेगळी नसते. मुलगा म्हणतो, “बाबा, काठी घ्या.” उत्तर येते, “दुकानात काठी टेकत गेलो तर गिऱ्हाईक काय म्हणेल?” गिऱ्हाईक काहीच म्हणत नाही, त्याच्याही घरी कोणीतरी काठीशिवाय पडलेले असते. उपाश्रयात भिंतीकडेला खुर्च्यांची एक रांग कायम मांडली, तिच्यावर आधी संघाचे मानकरी बसले, की इतर वृद्धांचा संकोच जातो. पर्युषणापूर्वी संघाने एक दिवस पायऱ्या, कठडे, चपला ठेवण्याची जागा आणि अंधारात वाट दाखवणारी तरुण मुले यांची व्यवस्था तपासावी. प्रभावना वाटण्याइतकेच ते काम पुण्याचे आहे. ज्यांच्या घरी एकदा खुबा मोडला आहे, त्यांनी शस्त्रक्रियेनंतर हाडाचे औषध सुरू झाले आहे की नाही हे विचारून घ्यावे. एक खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडण्याचा धोका वाढलेला असतो आणि टाके सुकल्यावर ही गोष्ट घराच्या लक्षातून निघून जाते.